पळण्याचीही फी भरा

डिसेंबर उजाडला की ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या टर्फवर एक तमाशा भरतो. नाव ‘ॲन्युअल स्पोर्ट्स डे’, खेळाडू तीन-चार वर्षांचे. तासावर भाड्याने घेतलेलं टर्फ, फुग्यांची कमान, माईकवर घसा फोडणारा निवेदक. नर्सरीची ‘बनी रेस’ सुटते. चार पोरं भोकाड पसरतात, एक उलट्या दिशेने आईकडे धावतं, एक मधेच बसकण मारून टर्फमधले काळे रबरी दाणे वेचत राहतं (सगळ्यांत शहाणं तेच). मग सरसकट सगळ्यांना सोनेरी पदक, फोटो, आणि रात्री सोसायटीच्या ग्रुपवर ‘आमचा चॅम्प’. दुसऱ्या दिवसापासून हे सगळे चॅम्प तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत पुन्हा खुर्चीला चिकटवले जातात, ते थेट पुढच्या डिसेंबरपर्यंत.

याच शाळेच्या गुळगुळीत माहितीपत्रकावर ‘शिक्षण आणि क्रीडा यांचा सुंदर मिलाफ’ असं छापलेलं असतं. मिलाफ कुठे आहे ते मी वेळापत्रकात शोधलं. प्रार्थना, ऱ्हाइम्स, वर्कशीट, डबा, वर्कशीट. शुक्रवारी अर्धा तास पीटी, म्हणजे रांगेत उभं राहून हात वर, हात खाली. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी, त्यातली ६० मिनिटं चांगला दम लागेल अशी असावी, असं त्यांत आहे. आपली नर्सरी भरते साधारण तीन तास. म्हणजे १८० मिनिटंच! जेवढा वेळ पोराने हुंदडायचं, बरोबर तेवढाच वेळ त्याला गप्प बसवण्याचे आपण पैसे मोजतो.

‘पण लिहायला नको का शिकायला?’ हा प्रश्न मला दरवेळी विचारला जातो, आणि विचारणारे पदवीधर असतात. मुलाचं शरीर ताब्यात येतं ते धडाकडून बोटांकडे. आधी खांदा स्थिरावतो, मग कोपर, मग मनगट आणि सगळ्यांत शेवटी पेन्सिल धरणारी बोटं. लोंबकळणं, रांगणं, बादली ओढणं, माती थापणं, भिंतीवर चढणं यांनी तो खांदा घडतो. मूल साधारण तिसऱ्या वर्षी गोल काढतं, चौथ्या वर्षी अधिकचं चिन्ह, आणि त्रिकोण जमायला पाचवं वर्ष उजाडतं. आणि आपण ज्युनिअर केजीत त्याच्याकडून शंभरपर्यंतचे आकडे घोटून घेतो. मग बाई डायरीत शेरा मारतात, ‘ग्रिप वीक’. आई दुकानातून पेन्सिलीला लावायची रबरी ग्रिप आणते. तीही कामी आली नाही की संध्याकाळचा थेरपीचा क्लास लागतो. तिथे ताई पोराला काय करायला लावतात? दांड्याला लोंबकळायला, गादीवर रांगायला आणि हातांवर चालायला. ज्यांना थेरपीची खरी गरज आहे त्या मुलांबद्दल मी बोलत नाही. धडधाकट पोराला आधी बांधून ठेवायचं आणि मग सोडवण्याची तासावर फी घ्यायची, या धंद्याबद्दल बोलतोय.

या धंद्याची दुसरी शाखा सोसायटीच्या आवारात भरते. साडेतीन वर्षांच्या पोराच्या डोक्यावर हेल्मेट, कोपराला पॅड, पायाला चाकं, आणि शिट्टी वाजवणारे सर. शेजारीण विचारते, ‘तुम्ही अजून काही लावलं नाही?’ एवढ्यावर आईची झोप उडते आणि ती तीन क्लास लावते: सोमवार-बुधवार स्केटिंग, मंगळवार-गुरुवार फुटबॉल, शनिवारी जिम्नॅस्टिक्स. सर सांगतात, ‘लवकर सुरू केलं तरच पुढे जाईल.’ कुठे जाईल? अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ साली स्पष्ट सांगितलंय की एकाच खेळावर लक्ष केंद्रित करणं पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवलेलं बरं. त्याआधी मुलाने नाना खेळ खेळावेत. साडेतीन वर्षांच्या पोराला प्रशिक्षक नको, ढीगभर वाळू पुरते. पण वाळूचं प्रमाणपत्र मिळत नाही, ही तिची मोठी खोट.

जागेचं रडगाणं मला पाठ आहे, आणि ते अर्धं खरंही आहे. २०११च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार होती, कल्याण-डोंबिवलीची १२ लाख ४७ हजार. त्यानंतर घोडबंदर रोडला आणि कल्याण-शीळ रस्त्याला किती मजले चढले, ते लोकलमध्ये लोंबकळणाऱ्यांना सांगायला नको. मैदानं म्हणावीत तर आहेत: कल्याणात सुभाष मैदान आणि फडके मैदान, डोंबिवलीत भागशाळा, नेहरू मैदान आणि सावळाराम महाराज क्रीडासंकुल. सभा, प्रदर्शनं, महोत्सव यांतून ती रिकामी झाली की सीझन बॉलवाल्यांची होतात. चार खेळपट्ट्यांवरून चेंडू सुटत असताना कुठली आई तीन वर्षांचं पोर तिथे सोडेल? राहिलं सोसायटीचं आवार. तिथे पाटी: ‘पार्किंगमध्ये खेळण्यास सक्त मनाई’. म्हणजे गाड्यांना उभं राहायला राखीव जागा आणि पोरांना पळायला मनाई, हा ठराव आपणच वार्षिक सभेत हात वर करून मंजूर केला. महापालिकेने नाही.

आता जरा इतिहास, कारण या लबाडीला उत्तर आपल्याच जिल्ह्यात सापडलं होतं. १९२३ साली ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालशिक्षणाच्या कामात सामील झाल्या, आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला. दोन दशकांनी ताराबाईंनी शहरातली सजवलेली बालमंदिरं मागे ठेवली आणि १९४५ साली ठाणे जिल्ह्यातलं बोर्डी गाठलं. सोबत अनुताई वाघ. हरिजनवाड्यातली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बाई बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांत काम सुरू झालं. तिथली मोठी मुलं गुरं राखायला जायची, म्हणून शाळाही त्यांच्यामागून कुरणात गेली. तिला कुरणशाळा म्हणत. खेळणी होती शिंपले, बिया, दगड, पानं, काटक्या. त्यात मोजणं होतं, वर्गीकरण होतं, भाषा होती, आणि हे सगळं उठता-बसता, चढता-उतरता व्हायचं. शारीरिक शिक्षणाचा वेगळा तास लावावा असं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण मूल दिवसभर हलतच होतं. सरकारने १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण दिलं. २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाड्या देशभर गेल्या. पुढे २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला आणि कोसबाड कागदोपत्रीही आपल्या हद्दीबाहेर गेलं. मनातून तर आपण ते त्याच्या कितीतरी आधी काढलं होतं. आज डोंबिवलीतल्या पालकाला इटलीतल्या आणि फिनलंडच्या बालशिक्षणाच्या पद्धतींची नावं पाठ असतात. कोसबाड म्हटलं की तो विचारतो, ‘रिसॉर्ट चांगलं आहे का तिथलं?’

फिनलंडचं कौतुक करणाऱ्यांनी तिथे शाळा सातव्या वर्षी सुरू होते, हेही एकदा मोठ्याने वाचावं.

आपल्या शहरातल्या अंगणवाडीची गतही या नर्सरीहून वेगळी नाही. एका खोलीत धान्याची पोती, वजनकाटा, रजिस्टरं आणि मुलं. सेविकेच्या हाती मोबाईल, त्यात पोषण ट्रॅकर, आणि हातावर मानधन. हे मानधन वाढवून मिळावं म्हणून डिसेंबर २०२३मध्ये राज्यातल्या सेविका संपावर गेल्या आणि महिना उलटला तरी मागे हटल्या नाहीत. सेविकेने ट्रॅकरमध्ये माहिती भरावी की पोरांना बाहेर न्यावं? आणि बाहेर म्हणजे रिक्षास्टँडवर?

कायद्याचं म्हणाल तर शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांचा. शाळेला मैदान हवं, ही अट त्याच्या परिशिष्टात आहे. पण ती पहिलीपासून. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी दुकानाचा गाळा पुरतो. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा धरला, २०२२च्या ऑक्टोबरात त्याचा आराखडा आला, त्यात पानोपानी खेळ. शाळांनी त्यातून काय घेतलं? वर्कबुकचं नाव बदलून ‘ॲक्टिव्हिटी बुक’ केलं.

लंगडीला फार तर दहा फूट जागा लागते. लगोरीला सात फुटक्या फरश्या, आणि त्या आपल्या रस्त्यांवर हव्या तेवढ्या मिळतात. डोंगर-पाण्याला एक पायरी पुरते, विषामृताला काहीच लागत नाही. ‘मामाचं पत्र हरवलं’ खेळताना पोर गोल फिरतं, लक्ष ठेवतं, आपली पाळी येईपर्यंत थांबतं, झपकन उठून धावतं. स्वतःला आवरण्याचं असं शिक्षण कुठल्याही वर्कशीटमधून होत नाही. यासाठी फ्रँचायझी घ्यावी लागत नाही, हीच अडचण आहे.

मागणी मात्र अगदी छोटी आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतल्या कितीतरी पालिका उद्यानांच्या वेळा सकाळी आणि संध्याकाळी. बालवाड्या आणि अंगणवाड्या भरतात तेव्हा फाटकाला कुलूप. दहा ते बारा ते कुलूप काढा, आणि ती वेळ प्रभागातल्या सहा वर्षांखालच्या मुलांसाठी राखून ठेवा. ‘हिरवळीवर चालू नये’ ही पाटी तेवढे दोन तास उलटी करून ठेवा. यासाठी निविदा लागत नाही, सल्लागार लागत नाही, उद्घाटनही लागत नाही, म्हणूनच ते होणं कठीण आहे.

पालकांना मी विनंती करणार नाही, फार झाल्या. पुढच्या प्रवेशाच्या वेळी ऑफिसात बसलेल्या मॅडमना एवढंच विचारा, ‘मुलं गुडघे कुठे खरचटून घेतात ती जागा दाखवा.’ त्या सीसीटीव्ही दाखवतील, एसी दाखवतील, भिंतीवरचा जिराफ दाखवतील. अनामतीचे पैसे खिशातच ठेवा, बाहेर पडा आणि पुढच्या गल्लीतल्या शाळेतही हेच विचारा.