उष्मांकांचा हिशेब आणि पंगतीतील भाकरी

वसतिगृहाच्या पंगतीत भाकरी आणि मुगाची उसळ खाऊन वाढलेले आम्ही माजी विद्यार्थी आज पन्नाशीत वजन उतरविण्यासाठी उष्मांक मोजतो. बेरीज जुळली की बिस्किटे आणि भाकरी आम्हांस सारखीच!

हा हिशेब अगदीच खोटा नव्हे. २०१० साली अमेरिकेतील प्राध्यापक मार्क हॉब यांनी मुख्यतः केक-बिस्किटांसारखे पदार्थ खाऊन, पण रोजचे उष्मांक १८०० च्या आत राखून, दहा आठवड्यांत सुमारे १२ किलो वजन घटविले. मात्र त्यांचे ताट मोजलेले होते. २०१९ मध्ये तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या केविन हॉल यांनी २० जणांना हवे तेवढे खाण्याची मुभा दिली. तेव्हा कारखान्यातील अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर तीच माणसे साध्या अन्नापेक्षा रोज सुमारे ५०० उष्मांक अधिक खाऊन गेली. वजन आकड्यानेच घटते. पण आकडा पाळणे भुकेच्या हाती असते आणि भूक अन्नाची प्रत ओळखते, असे आमचे मत आहे.

रविवारी भेटीस येणाऱ्या पालकांच्या पिशव्यांत आता बिस्किटांचे पुडे दिसतात. आमच्या आया फडक्यात भाजलेले शेंगदाणे बांधून आणीत. शेंगदाण्यांत उष्मांक काही कमी नसतात, पण मूठभर चावून खाल्ले की आमचा हात आपोआप थांबत असे.