कामाचे एक वर्ष वाया जात नाही

बी.कॉम. झालेल्या मुलाला कचेरीच्या दारात पहिला प्रश्न विचारतात तो अनुभवाचा. अनुभव नाही म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून अनुभव नाही! ज्यांचे काका-मामा सी.ए. आहेत, त्यांच्या मुलांना हा पेच पडत नाही. वाळूज-चिकलठाण्याला पाळी करणाऱ्या आमच्या बांधवांच्या मुलामुलींना मात्र तो हटकून पडतो.

यावर कायद्याने एक वाट ठेवली आहे. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. २०१४ च्या दुरुस्तीने तो वाणिज्य पदवीधरांनाही लागू झाला. केंद्राच्या ‘नॅट्स’ योजनेत पदवीनंतर वर्षभर प्रत्यक्ष काम शिकता येते, शेवटी प्रमाणपत्र मिळते आणि दरमहा विद्यावेतनही मिळते. २०१९ च्या नियमांत पदवीधरासाठी ही रक्कम किमान ९,००० रुपये ठरविली होती व तिचा निम्मा भार सरकारने उचलायचा होता. ज्याला सी.ए. व्हायचे आहे, त्याची वाट वेगळी. त्याला आर्टिकलशिप करावी लागते; ती जुलै २०२३ पासून तीन वर्षांची दोन वर्षे झाली आहे.

पालक म्हणतील, “नऊ हजारांत काय होते? त्यापेक्षा ठेकेदाराकडे लागला तर चार पैसे जास्त आणील.” घरभाडे, किराणा, धाकट्यांची फी आम्हालाही ठाऊक आहे. पण ठेकेदाराकडे वर्ष काढून मुलगा तिथेच राहतो. इथे तो व्हाउचर लिहायला, बँकेचा ताळा जमवायला, जीएसटीचे विवरणपत्र भरायला, कामगारांच्या पगारातून पी.एफ. कसा कापतात ते पाहायला शिकतो. उद्या बापाची पगाराची चिठ्ठीही तोच तपासून देईल.

मात्र डोळे उघडे ठेवा. करार नोंदविलेला आहे ना? विद्यावेतन बँक खात्यात येते ना? “आधी फुकट शीक, मग पाहू” म्हणणाऱ्याकडे मुलाला पाठवू नका. चहा आणणे आणि झेरॉक्स काढणे म्हणजे हिशेब शिकणे नव्हे. मुलीलाही तीच संधी द्या. लग्नाची घाई एक वर्ष थांबू शकते. आणि वर्ष संपल्यावर त्याच ठिकाणी नोकरी मिळेलच, अशी हमी कायदा देत नाही, हेही आधीच समजून घ्या.

अर्थशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याची शिष्यवृत्तीची मुदत १९१७ साली संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्याला परतावे लागले. बडोद्याला महालेखापालांच्या कचेरीत तो उमेदवार म्हणून लागला; पण जातीमुळे त्याला राहायला जागा मिळेना, म्हणून शहर सोडावे लागले. नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० तो मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होता. पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज घेतले, आणि तो पुन्हा लंडनला गेला. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी.एस्सी. मिळाली. ते आमचे बाबासाहेब!

बाबासाहेबांनी नोकरी केली ती शिक्षण सोडण्यासाठी नव्हे, पुरे करण्यासाठी. म्हणून बंधू-भगिनींनो, मुलगा कामाला लागला की एम.कॉम.चा किंवा पुढच्या परीक्षेचा अर्ज त्याच वर्षी भरा. पहिल्या विद्यावेतनातून मिठाई आणा, पण परीक्षेची फी आधी बाजूला काढून ठेवा.