डोंगराच्या ओसरीवरील नगर

गेल्या महिन्यात हे सदर वाचकांच्या भेटीस आले नाही, याबद्दल प्रथम क्षमा मागणे प्राप्त आहे. त्या वेळी आम्ही टास्मानियात होतो. हे बेट ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस, बासच्या सामुद्रधुनीपलीकडे आहे, आणि त्याची राजधानी होबार्ट येथे आमचा पुतण्या दक्षिण महासागराचा अभ्यास करीत असतो. “काका, काकू, पाय चालताहेत तोवर या,” असा त्याचा दोन वर्षे लकडा होता.

निघण्यापूर्वी आम्ही घरचे एक काम उरकले होते. गुहागरजवळच्या आमच्या वडिलोपार्जित घरामागे, चढणीवर, ऐन, किंजळ व जांभळांची जुनी राई आहे. घराचे वासे किडले, कौले गळू लागली. तेव्हा ती राई लाकडाच्या व्यापाऱ्यास द्यावी व त्या पैशांत छप्पर करावे, असे आमच्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे पुतण्याच्या वडिलांनी, सुचविले. आम्ही संमतिपत्रावर सही केली आणि विमानात बसलो. या गोष्टीचा प्रवासाशी संबंध काय, ते पुढे येईलच.

होबार्टच्या विमानतळावर एका कुत्र्याने आमचे स्वागत केले. मेलबर्नहून निघताना सौ.नी पिशवीत ठेवलेले एक सफरचंद त्याने वासाने ओळखले आणि अधिकाऱ्याने ते नम्रपणे काढून घेतले. जे बेट सफरचंदांसाठी प्रसिद्ध, तेथेच आमचे सफरचंद जप्त व्हावे, याची सौ.ना मोठी गंमत वाटली. बाहेरची कीड बेटावर येऊ नये म्हणून ही दक्षता घेतात.

नगर म्हणावे तर लहानच. उपनगरांसह वस्ती सुमारे अडीच लाखांची. १८०४ साली डरवेंट नदीच्या मुखाशी ही वसाहत झाली आणि ब्रिटनमधून हद्दपार केलेल्या कैद्यांच्या श्रमांवर ती वाढली. सॅलामँका येथील धक्क्याजवळची जुनी दगडी कोठारे आता दुकानांना व चित्रशाळांना दिली आहेत, आणि दर शनिवारी त्यांच्यापुढे बाजार भरतो. शेजारच्या धक्क्यावर मासेमारीच्या होड्या डुलत असतात. दक्षिण ध्रुवप्रदेशास जाणारी जहाजेही याच बंदरातून निघतात.

पण नगराचा खरा यजमान म्हणजे त्याच्या पाठीशी उभा असलेला डोंगर. उंची १,२७१ मीटर. वरच्या अंगास काळ्या दगडाचे उभे खांब ओळीने रचल्यासारखे दिसतात. तप्त शिलारस थिजताना असे खांब तयार होतात, व मुंबईच्या वाचकांस अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवरून त्यांची कल्पना येईल. १८३६ साली चार्ल्स डार्विनही हा डोंगर चढला होता. इंग्रजांनी त्यास वेलिंग्टन हे नाव दिले. पण बेटावर सुमारे चाळीस हजार वर्षे राहत आलेल्या मूळ लोकांच्या भाषेतील ‘कुनान्यी’ हे नाव २०१३ साली त्यास परत मिळाले. वसाहतवाल्यांनी त्या लोकांचा जवळजवळ उच्छेद केला. तरी त्यांचे वंशज आज तेथे आहेत, हे आपण विसरू नये. सकाळी दार उघडले की आमचा पुतण्या आधी डोंगराकडे पाही, मग कोट घ्यावयाचा की नाही ते ठरवी. सौ. म्हणाल्या, “हे गाव म्हणजे डोंगराची ओसरीच.”

तेथील संग्रहालयात आम्ही टास्मानियन वाघ पाहिला. अर्थात पेंढा भरलेला. पाठीवर पट्टे, तोंड लांडग्यासारखे, आणि पिल्लांसाठी पोटाशी पिशवी. तो मेंढ्या मारतो म्हणून १८८८ पासून १९०९ पर्यंत त्याच्या मुंडक्यास सरकारी इनाम होते, आणि दोन हजारांहून अधिक इनामे वाटली गेली. पुढे १९३६ च्या जुलैत त्यास कायद्याचे संरक्षण मिळाले. त्याच वर्षी ७ सप्टेंबरला होबार्टच्या प्राणिबागेत ज्ञात असलेला शेवटचा वाघ मेला. कायदा झाल्यास दोन महिनेही झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मोटारीने सुमारे साडेचार तासांवरील क्रेडल पर्वताकडे निघालो. आपल्याकडे चैत्र सरत होता. तेथे शरद ऋतू होता. डव्ह सरोवराभोवतीची सहा किलोमीटरांची पायवाट आम्ही दोघांनी बसत-उठत पुरी केली. पाणी चहाच्या काढ्यासारखे तांबूस, वर १,५४५ मीटरांचा दंतुर पर्वत, आणि उतारावर फेगस नावाचे खुरटे वृक्ष सोन्यासारखे पिवळे झालेले. हिवाळ्यात पाने गाळणारा हा वृक्ष या बेटाखेरीज कोठे आढळत नाही. परतताना गवतात वोम्बॅट चरताना दिसला. अस्वलाच्या पिलासारखा गुबगुबीत. त्याची लेंडी चौकोनी असते, हे मुलांस अवश्य सांगावे.

हे अरण्य राहिले त्यास एक दांपत्य कारण झाले. गुस्टाव्ह वाइनडॉर्फर हा ऑस्ट्रियाहून आलेला. त्याची पत्नी केट टास्मानियाची, आणि दोघांसही वनस्पतींचे वेड. १९०६ साली लग्न झाल्यावर हे नवपरिणित जोडपे रोलंड पर्वतावर राहुटी ठोकून आठवडेच्या आठवडे झाडपाला गोळा करीत राहिले! १९१० साली दोघे क्रेडलच्या शिखरावर गेले, आणि १९१२ साली गुस्टाव्हने तेथील लाकडाचे एक घर बांधून त्यास ‘वाल्डहाइम’, म्हणजे वनगृह, असे नाव दिले. १९१६ साली केट वारली. तो मात्र हा प्रदेश सर्वांसाठी राखावा म्हणून सांगत राहिला, आणि १९२२ साली तो राखीव झाला.

रात्री शेगडीपाशी पुतण्याने पेडर सरोवराची हकीकत सांगितली. नैर्ऋत्येकडील या सरोवरास गुलाबी छटेच्या वाळूचा विस्तीर्ण किनारा होता. १९५५ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि तरीही १९७२ साली विजेसाठी ते धरणाच्या पाण्याखाली गेले. त्यानंतर फ्रँकलिन नदीवर धरणाचा बेत आला, तेव्हा मात्र लोक अरण्यात जाऊन आडवे झाले. १९८२ च्या डिसेंबरापासून पुढे बाराशेंवर लोक पकडले गेले. १ जुलै १९८३ रोजी वरिष्ठ न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी धरण थांबविले. एका न्यायाधीशाच्या मताने नदी वाचली! आपल्याकडील मुळशीची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. तेथे १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पण जमीन पाण्याखाली गेलीच.

पुतण्या सहज म्हणाला, “काका, आपल्या राईत अजून धनेश येतात का हो?” आम्ही उत्तर दिले नाही. आमच्या सहीची गोष्ट त्यास ठाऊक नव्हती.

होबार्टला परत येताच आम्ही दादांस दूरध्वनी केला व राई देऊ नये असे सांगितले. दादा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “बरे. मग छप्पर कशाने शाकारू? तुझ्या प्रवासवर्णनाने?” प्रश्न रास्त होता. गळक्या घरात ते राहतात, आम्ही नव्हे. आम्ही सौ.कडे पाहिले. पुण्यातील स्वयंपाकघर नवे करण्यासाठी चार वर्षे बाजूस टाकलेली रक्कम त्यांच्या नावावर होती. त्यांनी दूरध्वनी स्वतःच्या हाती घेतला. “दादा, आमच्या ओट्याला काय झाले आहे? चालेल आणखी. तुम्ही सुतारास बोलवा.”

संमतिपत्र व्यापाऱ्याकडे अजून गेले नव्हते. दादांनी ते आम्हांस परत पाठविले आहे. आता मृगापूर्वी छप्पर व्हावयाचे आहे आणि सुतार फक्त होकार देतो, येत नाही, एवढी एकच काळजी उरली आहे. असो.