आवक नोंदवही कोरीच

दोन महिन्यांपूर्वी एका महाविद्यालयाच्या मराठी विभागाकडून चर्चासत्राचे निमंत्रण आले. विषय मोठा आकर्षक होता : ‘डायस्पोरा आणि मराठी साहित्य : स्थलांतरित कुटुंबांचे दैनंदिन जगणे’. सोबत उपविषयांची यादी होती. परदेशातील स्वयंपाकघर, मुलांची भाषा, सणसमारंभ, पहिला हिवाळा, आजी-आजोबांची सहा महिन्यांची भेट वगैरे. मी गडचिरोली जिल्ह्यात मराठी शिकवतो. या यादीतील जवळजवळ प्रत्येक गोष्ट मला माझ्या विद्यार्थ्यांच्या घरांत दिसत आली आहे (हिवाळ्याच्या जागी उन्हाळा ठेवावा लागेल, एवढेच). म्हणून चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांतील बंगाली निर्वासित वसाहतींविषयी निबंध वाचण्याची इच्छा कळवली. चार दिवसांत सौजन्यपूर्ण उत्तर आले : ‘आपला विषय महत्त्वाचा असला तरी तो डायस्पोराच्या कक्षेत येत नाही. समाजशास्त्र विभागाकडे विचारणा करावी.’

उत्तर लिहिणाऱ्या प्राध्यापकांवर माझा राग नाही. त्यांनी मराठी समीक्षेत रूढ झालेली समजूत प्रामाणिकपणे कळवली. राग आहे तो त्या समजुतीवर.

‘डायस्पोरा’ हा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ विखुरणे. तो जगभर ज्ञात झाला तो आपल्या भूमीतून उखडल्या गेलेल्या ज्यू समाजाच्या संदर्भात. म्हणजे सक्तीचे स्थलांतर हा त्या शब्दाचा गाभा होता. आपल्याकडे येईपर्यंत त्यात असा काही पालट झाला की व्हिसा, नोकरीचे पत्र आणि विमानाचे तिकीट हाती असलेला माणूस डायस्पोरा ठरला, आणि रात्रीतून घर सोडून, सीमा ओलांडून, छावणीत वर्षे काढून जंगलात येऊन पडलेला माणूस समाजशास्त्र विभागाकडे गेला. एखाद्या शब्दाचा मूळ अर्थच हद्दपार करावा आणि उरलेल्या टरफलावर चर्चासत्रे भरवावीत, हे साहित्याच्या अभ्यासकांना शोभत नाही.

गैरसमज नको म्हणून सांगतो. न्यू जर्सीत किंवा फ्रँकफुर्टमध्ये संसार मांडणाऱ्या मराठी कुटुंबाचे एकटेपण खोटे नाही. तळघरातला गणपती, रविवारची मराठी शाळा, आईने मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मुलाने इंग्रजीत दिलेले उत्तर या गोष्टींत साहित्य आहेच. टोरांटोहून निघणाऱ्या ‘एकता’सारख्या नियतकालिकाने त्या जगण्याला जागा दिली, हे मोलाचे काम आहे. 2009 साली सॅन होजे येथे पहिले विश्व मराठी साहित्य संमेलन भरले आणि ‘अस्मितादर्श’चे गंगाधर पानतावणे त्याचे अध्यक्ष झाले, याचाही आनंदच आहे. माझी तक्रार निराळी आहे. सरकारी कचेरीत आवक आणि जावक अशा दोन नोंदवह्या असतात. मराठी साहित्यव्यवहाराने स्थलांतराची जावक नोंदवही फार निगुतीने सांभाळली. तंजावर, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, लंडन, शिकागो, सगळ्यांच्या नोंदी तीत आहेत. ‘बृहन्महाराष्ट्र’ हा आपला शब्दसुद्धा बाहेर गेलेल्यांसाठीच आहे. आवक नोंदवही मात्र कोरी आहे. महाराष्ट्रात कोण आले, त्यांनी इथे चूल कशी मांडली, त्यांची मुले मराठी कशी शिकली, हे मराठी साहित्याचे काम आहे असे आपल्याला वाटतच नाही.

आता थोडे त्या वसाहतींविषयी; कारण चर्चासत्रवाल्यांना त्या ठाऊक नसाव्यात. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून हिंदू कुटुंबांचे लोंढे येत राहिले. 1964 च्या दंगलींनंतर ते फार वाढले. पश्चिम बंगालने जागा नाही म्हटले. बरिशाल, खुलना, जेसोर, फरीदपूर या भागांतले बहुसंख्य नमःशूद्र शेतकरी रायपूरजवळच्या माना छावणीत आणले गेले आणि तिथून मध्य भारतातील जंगलांत वाटले गेले. केंद्र सरकारचा 1958 चा दंडकारण्य प्रकल्प कोरापुट-बस्तरसाठी होता. त्याला लागूनच असलेल्या तेव्हाच्या अखंड चांदा जिल्ह्यातही वसाहती उभ्या राहिल्या. 1982 साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि त्यातल्या बऱ्याचशा वसाहती तिकडे गेल्या. सुंदरनगर, विवेकानंदपूर ही गावांची नावे वाचली तरी ती कोणी, कुठून येऊन ठेवली असतील याचा अंदाज येतो.

भरती-ओहोटीच्या नद्यांकाठी वाढलेला, होडीने शेतावर जाणारा माणूस साग, ऐन आणि बांबूच्या रानात येऊन पडला. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर, पावसाळ्यात हिवताप. एका विद्यार्थिनीच्या आजीबाईंनी मला सांगितले होते की, पहिल्या उन्हाळ्यात त्यांना सगळ्यांत जास्त भीती वाटली ती शांततेची. पाण्याचा आवाज कुठेच नव्हता. मग माणसांनी घराशेजारी तळी खणली. आजही वसाहतीतल्या अंगणापलीकडे तळे दिसते, त्यात मासे सोडलेले असतात आणि काठावर भाजीचे वाफे. आजूबाजूची गावे जवसाच्या तेलावर वाढलेली. इथे मोहरीच्या तेलाशिवाय मासा चालत नाही. या आजीबाईंनी तेलाचा प्रश्न कसा सोडवला, कोणत्या आठवडी बाजारातून मोहरी मिळवली, ती नव्हती तेव्हा काय केले, हे सारे त्यांनी मला तासभर सांगितले. परदेशात कढीपत्ता मिळवण्याच्या खटपटीवर ललित लेख होऊ शकतो, तर यावर का होऊ नये?

त्याच घरातली एक गोष्ट भाषेच्या अभ्यासकांसाठी. आजीबाई बोलताना वारंवार ‘देश’ म्हणत. ‘देशात आमच्याकडे असे करत.’ मी बराच वेळ समजत होतो की त्या बांगलादेशाविषयी बोलत आहेत. नात हसली. म्हणाली, “सर, देश म्हणजे गाव. आजीचं बरिशालचं घर.” बंगालीत ‘देश’ म्हणजे वाडवडिलांचे गाव. मराठीत आपण देश आणि कोकण म्हणतो तेव्हा तो घाटावरचा मुलूख असतो. आणि शाळेच्या प्रतिज्ञेत तोच शब्द राष्ट्र होऊन येतो. एका घरात, एका शब्दाचे तीन अर्थ नांदतात आणि नात त्यांची ये-जा विनासायास करते. ही मुलगी घरी पूर्वबंगालची बोली बोलते, बाजारात झाडीबोली, मैत्रिणींशी थोडी माडिया, आणि परीक्षेत प्रमाण मराठी. तिची प्रमाण मराठी माझ्या इतर विद्यार्थ्यांहून अधिक काटेकोर आहे, कारण ती तिने केवळ पुस्तकातून उचलली. बहुभाषिक जाणिवेवर पाश्चात्त्य समीक्षकांची अवतरणे पाठ करणाऱ्या आपल्या संशोधकांनी एकदा चामोर्शीची एसटी पकडावी.

दैनंदिन जगण्यात कागदही येतात. साहित्याच्या लोकांना कागद रुक्ष वाटतात, पण स्थलांतरिताच्या घरात ते देवघराच्या शेजारी ठेवलेले असतात. नमःशूद्र ही पश्चिम बंगालात अनुसूचित जाती आहे. महाराष्ट्राच्या यादीत ती नाही. शिवाय अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 या दिवशीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो आणि तेव्हा ही कुटुंबे पद्मा-मेघनेच्या मुलखात होती. वनहक्क कायदा 2006 सालचा. त्यात आदिवासींखेरीज इतर पारंपरिक वननिवासींना हक्क मागायचा तर 13 डिसेंबर 2005 पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, तिथे राहिल्याचे दाखवावे लागते. हिशेब केला तर 1930 साल येते. सरकारनेच 1960 च्या दशकात आणून ठेवलेल्या माणसाला ही अट या जन्मी पुरी करता येणार नाही. ‘मुळे’, ‘उपरेपण’, ‘अस्मिता’ हे शब्द आपण निबंधांत उधळतो. त्या शब्दांना तारखा असतात हे मला शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देताना कळले.

आणि इथेच दलित साहित्याच्या अभ्यासकांनाही एक प्रश्न विचारला पाहिजे. 1946 साली डॉ. आंबेडकर संविधान सभेवर निवडून गेले ते मुंबई प्रांतातून नव्हे, बंगालमधून. आणि त्यामागे जोगेंद्रनाथ मंडल व नमःशूद्र प्रतिनिधींचे बळ होते. 16 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेबांनी चांद्यात धम्मदीक्षा दिली. त्यानंतर दहा वर्षांच्या आत-बाहेर, ज्यांच्या प्रतिनिधींनी त्यांना संविधान सभेत पाठवले त्या समाजाची कुटुंबे त्याच चांदा जिल्ह्यात येऊन उतरली आणि संविधानाने दिलेली त्यांची ओळख इथे अमान्य ठरली. यापेक्षा विलक्षण कथावस्तू कोणत्या कादंबरीकाराला हवी आहे? तरीही ती कोणी उचललेली माझ्या वाचनात नाही.

आपल्या जिल्ह्यांवर मराठीत लिहिले गेले नाही असे नाही. पण बाहेरून इथे राहायला आलेले कुटुंब आपल्याला दिसते ते सेवेसाठी आलेले असेल तर. हेमलकसाचा प्रकल्प 1973 चा. बंग दांपत्य अमेरिकेत शिकून आले आणि 1986 पासून गडचिरोलीत काम करू लागले. या माणसांचे काम इतके मोठे आहे की त्यावर मी काही बोलणे औद्धत्य ठरेल. साधनाताई आमट्यांचे ‘समिधा’ मी दरवर्षी वर्गात वाचून घेतो, कारण त्यात ध्येयवादाच्या पाठीमागची चूल दिसते. आणि राणी बंग यांच्या ‘गोईण’मध्ये तर इथल्या बायाच झाडांविषयी बोलतात. दोष वाचकांचा आहे, म्हणजे आपला. आपण ही पुस्तके त्यागकथा म्हणून वाचली आणि त्यागाशिवाय जंगलात आलेल्या माणसांविषयीचे कुतूहल गमावून बसलो. जो निवडून आला तो नायक झाला. ज्याला आणून टाकले त्याची कथा होईना.

माझ्या बाजूची सोयीस्कर गोष्टही इथेच मोडते, म्हणून ती सांगितली पाहिजे. वसाहतींसाठी जे रान तोडले गेले ते रिकामे नव्हते. सरकारी नकाशावर ते वनखात्याचे असेल. माडिया आणि गोंड माणसांच्या लेखी ते त्यांचे होते. निर्वासिताला मिळालेली जमीन ही दुसऱ्या कोणाची तरी गेलेली चराई, गेलेली मोहाची झाडे. त्यामुळे ही कथा एका बळीची म्हणून लिहिता येणार नाही. मोहफुले आणि चारोळी घेऊन बाजारात आलेली माडिया बाई आणि तळ्यातले मासे घेऊन बसलेली बंगाली बाई एकमेकींशी कोणत्या भाषेत भाव करतात? बहुधा मोडक्या मराठीत. म्हणजे आपली भाषा तिथे दोन परक्यांच्या मधली भाषा झाली आहे. उषाकिरण आत्राम यांच्यासारख्या कवयित्रींमुळे त्या बाजाराची एक बाजू मराठीत आली. दुसरी बाजू अजून आलेली नाही आणि दोन्ही मिळून तर नाहीच.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे : त्यांनी स्वतः लिहावे, दुसऱ्याने लिहिले तर ते अस्सल कसे? तत्त्व मान्य. पण लिहिण्यासाठी आधी कोणी तरी सांगावे लागते की तुझे जगणे लिहिण्याजोगे आहे. बंगालीत मनोरंजन ब्यापारी यांनी छावणी, दंडकारण्य आणि रिक्षा ओढण्याचे दिवस लिहिले, तेव्हा बंगाली वाचकांनाही आपल्याच निर्वासितांची नव्याने ओळख झाली. मरिचझापी बेटावर परतलेल्या निर्वासितांना 1979 साली कसे हुसकावले गेले, हे अमिताव घोष यांच्या 2004 च्या इंग्रजी कादंबरीमुळे जगाला कळले. त्याच 1979 साली चंद्रपुरात वामन चोरघडे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले होते. 2012 साली ते पुन्हा भरले, वसंत आबाजी डहाके अध्यक्ष होते. दोन्ही वेळा वसाहती मांडवापासून काही तासांच्या प्रवासावर होत्या. मी स्वतः 2012 च्या मांडवात तीन दिवस बसलो होतो आणि मलाही त्यांची आठवण झाली नाही. तेव्हा मी त्या विद्यार्थिनीच्या घरी गेलेलो नव्हतो.

दुसरा आक्षेप असा की ही मुले मराठीत लिहीत नाहीत. ती दर वर्षी मराठीत लिहितात : ‘माझे गाव’, ‘माझा आवडता सण’. त्या निबंधात दुर्गापूजा आली की काही शिक्षक बाजूला लाल शाईने ‘गणेशोत्सव?’ असे लिहितात. हे मी उत्तरपत्रिकांत पाहिले आहे आणि नोकरीच्या पहिल्या वर्षी एकदा स्वतः केले आहे.

चर्चासत्र पुढच्या महिन्यात होईल. माझा निबंध तिथे वाचला जाणार नाही, पण तो मी पुरा करतो आहे. या पानावर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांत चामोर्शी, मुलचेरा, आष्टी, अहेरी भागातले शिक्षक असतील तर त्यांना एक विनंती. 1964 साली वीस वर्षांचा असलेला माणूस आज ऐंशी ओलांडून गेला आहे. सुट्टीच्या दिवशी एखाद्या विद्यार्थ्याबरोबर त्याच्या घरी जावे आणि आजीला विचारावे : निघताना कोणते भांडे बरोबर घेतले होते, मानात पहिला भात कुणी शिजवला, इथली पहिली भाजी कोणती लागली, मराठीतला पहिला शब्द कोणता कळला. उत्तर बंगालीत येईल. मुलगा मराठीत सांगेल. दोन्ही उतरवून घ्यावे.