करविणाऱ्याचे पुण्य

करणे, करविणे आणि अनुमोदणे या तिन्हींचे फळ जैनधर्म मानतो. क्रीडाक्षेत्रात करविणारा म्हणजे प्रशिक्षक. मोखाड्याला लागून असलेल्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाड्याची कविता राऊत अनवाणी धावत असे. तिला घडविले नाशिकचे प्रशिक्षक विजेंद्र सिंह यांनी. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटर धावण्यात कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. पुढे त्यांचीच शिष्या संजीवनी जाधव हिने २०१७ मध्ये तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत याच अंतराचे रौप्यपदक पटकाविले. एक पदक योगायोगाने मिळू शकेल; शिष्यांची दुसरी पिढी नित्य साधनेनेच घडते.

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरील मुलीही उन्हाळ्यात डोक्यावर हंडे घेऊन चढण चढतात. पायांत बळ आहे. उणीव आहे ती पुरेशा आहाराची, बुटांची आणि मैदानावर रोज उभे राहणाऱ्या गुरूची. शिक्षण सुटून लवकर विवाह झाला, की धावणे तेथेच थांबते. पेढीवर बसणाऱ्या श्रावकाला प्रशिक्षक होता येणार नाही. परंतु एका मुलीचा वर्षभराचा आहार आणि महाविद्यालयाचे शुल्क उचलता येईल. आहारदान व ज्ञानदान दोन्ही त्यात साधतात. येत्या पर्युषणात प्रत्येक कुटुंबाने याचा विचार करावा.