कौलारू छपराची पन्हळ

कोल्हापूर-सांगलीकडील जुन्या पेठांत पुढे दुकान, मागे वखार आणि वर मंगलोरी कौलांचे छप्पर अशी घरे अद्याप उभी आहेत. (बासेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला, हे नाव तेथूनच आले.) घर काटकोनात वळले की छपराची दोन पाखी आतल्या कोनात मिळतात आणि तेथे पन्हळ तयार होते. दोन्ही पाख्यांचे पाणी याच अरुंद वाटेने उतरते. तरीही छपराच्या या भागाकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. दिवाळीला दर्शनी भिंतीवर रंगाचे दोन हात देणारा घरधनी वैशाखात छपरावर माणूस चढविण्याचा खर्च मात्र पुढे ढकलतो.

पन्हळीच्या कडेची कौले तिरपी कापून मसाल्यात बसविलेली असतात. तळाशी बहुधा पत्रा असतो. उन्हाने पत्रा, कौले आणि मसाला कमीअधिक प्रसरण पावतात, लाकूडही हलते, आणि ताठर मसाल्याला चीर पडते. पाला साचून पाणी तुंबले की ते त्या चिरेतून आडवे शिरते व वाशावरून ओघळत भलत्याच ठिकाणी टपकते. कापडाच्या गठ्ठ्यावर डाग पडला त्याच्या नेमके वरचे कौल बदलून गळती थांबत नाही, ती यामुळे. कापडाचे नुकसान निदान वहीत चढते. वाशाचे कुजलेले टोक छप्पर खचेपर्यंत कोणाच्याच हिशेबात येत नाही.

चिरेवर सिमेंट लिंपणे ही सर्वांत प्रचलित आणि सर्वांत वाईट दुरुस्ती होय. वरचा थर लवकरच सुटतो आणि त्याच्यामागे पाणी अडकून राहते. सुटा मसाला छिन्नीने हलक्या हाताने पूर्ण काढावा. कापलेल्या कौलांवर खडूने क्रमांक घालून ती उतरवावीत. एकाचा तिरका काप दुसऱ्याच्या जागी बसत नाही. पत्र्याला गंजाची भोके असल्यास तो आताच बदलावा. मसाला नरम असावा: एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू. कौलांच्या कडा आधी भिजवाव्यात, अन्यथा कोरडी माती मसाल्यातील पाणी शोषून घेते. मसाला कौलाखालीच राहावा. पन्हळीचा मधला मार्ग चार बोटे तरी मोकळा हवा. काही गवंडी तो नीटनेटका दिसावा म्हणून भरून टाकतात. तेथे घरधन्याने स्पष्ट नकार द्यावा.

काम सकाळी किंवा उतरत्या उन्हात करून नंतर काही दिवस ओले गोणपाट घालावे. गवंड्याला कौलांवर थेट उभे करू नये. शिडी आडवी टाकून तिच्यावरून काम करवावे आणि कमरेला दोर असावा. मजुरी ठरवितानाच हे ठरवावे.

मसाला आवळल्यावर वरून पन्हळीत घागरभर पाणी सोडावे; त्या वेळी एकाने आत विजेरी घेऊन वाशांकडे पाहत उभे राहावे.