मुखचित्र आणि मोटरमनची काच

साहित्याच्या अभ्यासकांनी व्हिडिओ गेमच्या मुखचित्राविषयी लिहावे, हे काहींना पोरकट वाटेल. वाटो. अर्पणपत्रिका, प्रस्तावना, मलपृष्ठावरचा मजकूर या साऱ्यांना जे संहितेचा उंबरठा मानतात, त्यांनी या नव्या उंबरठ्याकडे पाठ फिरवण्याचे कारण आम्हांला दिसत नाही. त्यातही आमच्यापुढचा प्रश्न अगदी घरचा आहे. ठाणे ते कल्याण या पट्ट्यात लोकल चालवण्याचा सिम्युलेटर कोणी रचला, तर दुकानाच्या यादीत त्याचे चित्र कोणते असावे?

प्रश्न काल्पनिक असला तरी हवेतला नाही. ‘मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर’ २००१ साली आला. कुजू या ब्रिटिश कंपनीने तो घडवला होता. इंग्लंडमधील सेटल-कार्लाइलपासून जपानमधील टोकियो-हाकोनेपर्यंत सहा मार्ग त्यात होते. भारतातला एकही नव्हता. भारतीय इंजिने, डबे आणि मार्ग पुढे हौशी मंडळींनी पदरमोड करून, रात्री जागवून तयार केले. मोबाइलचा काळ आल्यावर चेन्नईच्या हायब्रो इंटरॅक्टिव्हचा ‘इंडियन ट्रेन सिम्युलेटर’ लोकप्रिय झाला. म्हणजे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी जेथे येऊन थांबली, त्या ठाण्याच्या पुढचा मागचा मार्ग खेळात उतरणे आता अशक्य कोटीतले राहिलेले नाही. अडचण चित्राची आहे.

या प्रकारच्या खेळांची मुखचित्रे एका साच्यातून निघाल्यासारखी असतात. इंजिन तिरप्या कोनातून आपल्याकडे झेपावते, मागे मावळतीचे आभाळ, रूळ ओले आणि चकाकणारे, आणि कोठेही माणूस नाही. चित्र देखणे असते, पण ते खेळाविषयी काही सांगत नाही. इंजिन बाहेरून पाहणे हा फलाटावरच्या माणसाचा अनुभव झाला. सिम्युलेटर विकत घेणारा मात्र आत बसण्यासाठी पैसे मोजत असतो.

आधी जागेचा विचार करू, कारण तो केल्यावाचून पुढचे बोलणे फुकट आहे. ‘स्टीम’ या दुकानात अशा चित्राला ‘कॅप्सूल’ म्हणतात. नाव औषधी असले तरी नेमके आहे. त्यांतील लहान कॅप्सूलसाठी ४६२ बाय १७४ पिक्सेलचे चित्र मागवले जाते आणि यादीत ते त्याहून लहान दिसते. ‘गूगल प्ले’वर ५१२ बाय ५१२ पिक्सेलचे बोधचिन्ह लागते, तेही मोबाइलवर नखाएवढे होते. १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमने आणखी एक बंधन घातले. कॅप्सूलवर चित्र, खेळाचे नाव आणि असल्यास उपशीर्षक, एवढेच चालते. परीक्षकांचे अभिप्राय, पुरस्कार, सवलतीचे आकडे यांना बंदी आहे. आमच्या काही प्रकाशकांना हा नियम लावला, तर निम्मी मुखपृष्ठे उघडी पडतील!

इतक्या लहान जागेत चित्र आणि अक्षर यांनी कसे नांदावे, हे मराठीला नवे नाही. दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केला. तेव्हापासून दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ स्टेशनावरच्या स्टॉलवर, दोरीला चिमट्याने लटकलेल्या अवस्थेत, गाडी पकडायला धावणाऱ्याच्या नजरेत दोन क्षणांत भरावे लागत होते. त्याहून जवळचे उदाहरण वृत्तपत्रातील नाटकांच्या जाहिरातींचे. एका स्तंभाची रुंदी, काळा-पांढरा छाप, शेजारी तशाच वीसेक जाहिराती. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी या बोटभर जागेत अक्षरालाच पात्र केले. शीर्षकाच्या वळणावरून नाटक ऐतिहासिक की कौटुंबिक, गंभीर की फार्स, हे प्रेक्षकाला कळे, आणि मग तो गडकरी रंगायतनच्या खिडकीकडे निघे. चित्राची गरज बहुधा पडत नसे.

देवनागरीची मात्र एक अडचण आहे. रोमन अक्षराला एक मजला पुरतो. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार, असे तीन मजले लागतात. चित्र आक्रसले की वरचा आणि खालचा मजला आधी पुसला जातो. जोडाक्षर तर काजळीचा ठिपका होते. ‘कल्याण-डोंबिवली सिम्युलेटर’ हे नाव म्हणूनच आम्ही मोडीत काढू. ‘मोटरमन’ हा शब्द पाहा. एकच मात्रा, उकार नाही, जोडाक्षर नाही, आणि खेळणाऱ्याला आपण कोण होणार हेही त्यात सांगून झाले.

गंमत अशी, की लोकलने स्वतः हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. तिच्या कपाळावर कल्याणसाठी ‘के’ हे एक रोमन अक्षर आणि जलद की धीमी हे सांगणारे दुसरे, एवढेच उमटते. गाडी अजून दूर असताना फलाटावरचा माणूस ते वाचून जागा बदलतो. एवढे मितभाषी मुखपृष्ठ आमच्या पाहण्यात दुसरे नाही.

आता मूळ मुद्दा. लोकलचे चित्र म्हटले की कोणत्याही चित्रकाराचा हात प्रथम गर्दीकडे जातो. दाराबाहेर लोंबकळणारी माणसे, वाऱ्यावर उडणारे शर्ट, पाठीवरच्या पिशव्या. रिकाम्या इंजिनांच्या ओळीत असे चित्र उठून दिसेल, ‘अस्सल’ म्हणून वाखाणलेही जाईल. आमचा या चित्राला ठाम विरोध आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर, परस्परांना ओलांडणाऱ्या दोन लोकलच्या दारांतून माणसे खाली पडली आणि चौघे मृत्युमुखी पडले. ती दारात होती, कारण आत जागा नव्हती. डोंबिवलीच्या फलाटावर सकाळी उभे राहणाऱ्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ज्या दृश्याचा शेवट असा होऊ शकतो, ते खेळाच्या दुकानात रंगत आणण्यासाठी टांगणे हा निर्दयपणा आहे. शिवाय ती लबाडीही आहे. या खेळात कोणीही लोंबकळत नाही. खेळणारा पुढच्या केबिनमध्ये बसलेला असतो.

मग मावळतीची रिकामी लोकल बरी म्हणावी काय? तीही नको. माणसांवाचून कल्याणची लोकल म्हणजे डबे झाले. दोन्ही चित्रांतील दोष एकच, आणि तो कथनमीमांसेच्या विद्यार्थ्याने ओळखायला हवा: दृष्टिकोन चुकीच्या माणसाचा घेतला आहे. प्रथमपुरुषी कादंबरीच्या मुखपृष्ठावर निवेदकाची पाठ दाखवावी, तसा हा प्रकार.

आमच्या मनातले चित्र मोटरमनच्या काचेतून दिसते. खालच्या कडेला काळ्या पडलेल्या मुठीवर दाबलेला हात. ती मूठ सुटली तर ब्रेक लागतात, म्हणून हात सैल नाही. समोर फलाट जवळ येतो आहे आणि त्याच्या कडेला पुढे झुकलेली शेकडो माणसे आपल्याकडे पाहत आहेत. चेहरे रेखाटण्याची गरज नाही. लहान आकारात ते दिसणारही नाहीत. रंगांची एक दाट, तिरपी पट्टी आणि तिच्याकडे धावणारे रूळ, एवढी रचना नखाएवढ्या चौकटीतही टिकते. वेग हातात असलेल्या माणसाला गर्दी कशी दिसते, हा या खेळाचा खरा विषय, आणि त्यात कोणाच्या मरणाची शोभा मांडावी लागत नाही.

जाणकार यावर आक्षेप घेतील की गाडीचे तोंडच दिसले नाही, तर हा रेल्वेचा खेळ आहे हे यादी चाळणाऱ्याला कळणार कसे. आक्षेपात तथ्य आहे. त्यावर उपाय म्हणून शेजारच्या मार्गावरून समोर येणारी दुसरी लोकल दाखवावी. ती कोणत्या रंगाची, हेही ठरवून. २००७ पासूनच्या पांढऱ्या-जांभळ्या सीमेन्स गाड्या आणि त्यांच्याआधीचे पिवळे-तपकिरी डबे यांत काळाचे अंतर आहे, आणि शौकीन मंडळी रंगावरून साल सांगतात. जलद गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जात त्या काळातला खेळ असेल, तर २०२२ नंतरची खूण चित्रात एकही नको. ऐतिहासिक कादंबरीतील कालविपर्यास आपण चवीने शोधतो. हे वाचकही तितकेच कडवे आहेत.

गूगल प्लेवर मराठीसाठी वेगळी चित्रे देण्याची सोय आहे. ती वापरायची झाल्यास इंग्रजी चित्रावर देवनागरी नाव चिकटवू नये. आधी ‘मोटरमन’ ही पाच अक्षरे अक्षरकाराकडून काढून घ्यावीत, ती नखाएवढी करून पाहावीत, आणि उरलेल्या जागेत फलाट बसवावा.